चौथी फळी काय करते

त्या हिवाळ्यात माझा घोटा मोडला नसता, तर तीन बायकांना घरी बसवण्यात माझाच हात मोठा ठरला असता. पुढं कितीतरी वर्षं हे कुणाला सांगायची मला लाज वाटे. आता सांगते.

आमचा हॉकीचा संघ पॉप्लर क्रॉसिंग या गावाचा, बायकांचा. बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी रबरी चकती असते. आघाडीच्या तिघी एकदम उतरतात, पाऊण मिनिट जीव खाऊन पळतात आणि धापा टाकत बाकावर येतात. त्या आल्या की पुढच्या तिघी. अशा आमच्या चार फळ्या होत्या. पहिलीत मधे मी आणि माझ्या डावीकडे कॉरिन. मी तेव्हा चोवीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात मदतनीस, आणि नाताळपर्यंत माझे एकोणीस गोल झालेले. डॅरिया होलोवाटी हे नाव जिल्ह्याच्या साप्ताहिकात छापून आलं की आई तेवढा कागद कापून फ्रिजवर लावायची. संघात मात्र मी नुसती होलो.

चौथ्या फळीचं नाव कधी साप्ताहिकात येत नसे. मधे लिओना फिडलर. ती ॲम्ब्युलन्सवर कामाला होती आणि सरावासाठी तिच्या क्री आदिवासींच्या वस्तीवरून पन्नास किलोमीटर गाडी हाकत यायची. डावीकडे इंग्रिड ट्वेट, त्रेचाळीस वर्षांची, धान्याच्या कोठारावर ट्रकांची वजनं घेणारी. उजवीकडे मार्लिस पोल्झर, बालवाडीची शिक्षिका. मार्लिसचं तोंड कधी बंद नसे आणि पाय कधी वेळेवर पोचत नसत. तिघींचे मिळून गोल दोन, आणि त्यातला एक समोरच्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेलेला.

डिसेंबरात आम्ही रेडबर्नच्या संघाकडून घरच्या रिंकवर, आमच्याच बर्फाच्या मैदानावर, हरलो. दुसऱ्या दिवशी कॉरिन आणि मी बाईंकडे गेलो. बाई म्हणजे यूनिस ब्रँडवोल्ड, आमच्या प्रशिक्षक. अर्ध्या संघाला त्यांनी शाळेत कवायत शिकवलेली, त्यामुळे आम्ही सगळ्या त्यांना अजून बाईच म्हणायचो.

"बाई, शेवटच्या भागात तरी चौथीला उतरवू नका," कॉरिन म्हणाली. "आम्ही काही दमत नाही."

"आणि मार्चमध्ये प्रांताच्या स्पर्धेला तीनच फळ्या न्या," मी जोड दिली.

बाई स्केटच्या पात्यांना धार लावत होत्या. त्यांनी मशीन बंद केलं नाही. "विचार करते," एवढंच म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो तर दाराशेजारच्या बाकावर इंग्रिड बूट बांधत बसली होती. ते दार म्हणजे नुसती प्लायवुडची फळकट. तिनं वर पाहिलं. "रस्ता घसरडा झालाय, सावकाश जा गं पोरींनो," ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली. गाडीत बसल्यावर कॉरिन म्हणाली, "ऐकलं असेल का गं तिनं?" मी म्हटलं, "ऐकू दे. खरं तेच बोललो."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या स्केटचं पातं बर्फातल्या खाचेत अडकलं आणि मी रिंकभोवतीच्या कठड्यावर जाऊन आदळले. घोट्यातून कट्कन आवाज आला. मी डोळे उघडले तेव्हा लिओना माझ्या पायाशी गुडघे टेकून बसलेली, हातात कात्री.

"लेस कापू नकोस," मी म्हटलं. "नवे स्केट आहेत."

"पाय जुना आहे, तो आधी बघू दे," ती म्हणाली आणि कापली.

सहा आठवडे प्लास्टर. तिसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. आईनं पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, वाढल्या, बाईंनी मुकाट्यानं सहा खाल्ल्या आणि मग पिशवीतून एक शाळकरी वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"घरी बसून कुढत राहशील. त्यापेक्षा सामन्यांना ये, प्रेक्षकांच्या वरच्या पायरीवर बस आणि चौथी फळी काय करते ते लिही."

"बाई, ते मी इथे बसूनच सांगते."

"सांगू नकोस, लिही. मार्चमध्ये किती फळ्या न्यायच्या ते मला तेव्हा ठरवायचंय."

पहिल्या सामन्याचं मी इमानेइतबारे लिहून दिलं. बर्फावर एकूण सहा मिनिटं. गोलावर फटके एक. गोल शून्य. मार्लिस दोनदा पडली, त्यात एकदा आपोआप. बाईंनी पान वाचलं, चष्मा काढून पुसला आणि वही परत दिली.

"तू चकती बघत होतीस."

"मग काय बघू? खेळ तर चकतीचाच आहे."

"बायका बघ," त्या म्हणाल्या.

मला राग आला, पण वरच्या पायरीवर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. थंडीनं पायाची बोटं बधिर होत, म्हणून आईनं प्लास्टरवरून आजोबांचा लोकरी मोजा चढवून दिलेला. पुढच्या सामन्यात मी मुद्दाम चकतीवरून नजर काढली आणि तिघींवर ठेवली. पहिल्यांदा नुसता गोंधळ दिसला. मग हळूहळू कळायला लागलं. चकती मार्लिसकडे यायच्या आधीच इंग्रिड पलीकडच्या कठड्याशी जाऊन उभी असायची, जिथं चकती दोन सेकंदांनी येणार असे तिथं. समोरची बचावपटू तिच्याहून वीस वर्षांनी लहान, दुप्पट वेगाची. पण ती पोचेपर्यंत इंग्रिडची पाठ मधे आलेली असे. बायकांच्या खेळात धक्का मारायला बंदी आहे. इंग्रिड धक्का मारतच नव्हती. ती नुसती उभी राहायची, आणि तिच्याभोवतून वळसा घालायला कुणालाही चार सेकंद लागत.

मार्लिसचं बोलणंही मी वरून पहिल्यांदा ऐकलं. बाकावर ती शेजारी बसून बडबडते तेव्हा आम्ही कान बंद करून घ्यायचो. वरून ऐकलं तर ती बर्फावरही अखंड बोलत होती: "मागे एक आहे, लिओना, मागे... वेळ आहे, वेळ आहे... आता दे." पाठीला डोळे नसतात, लिओनाला मार्लिसच्या तोंडानं ते मिळाले होते.

पण वहीत लिहायला आकडा काही मिळेना, आणि आकड्याशिवाय मला चैन पडेना. बाईंचा नवरा आर्नी बाकासमोरचं कठड्याचं दार उघडायचं काम करायचा आणि कोणती फळी घड्याळात कितीला उतरली ते दर सामन्याला वेड्यासारखं टिपून ठेवायचा. त्याचे कागद मागून आणले. गोल केव्हा झाले ते पंचांच्या पत्रकात असतंच. एका रविवारी पाय खुर्चीवर ठेवून मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी मांडले आणि माझे एकोणीस गोल एकेक करून शोधले.

त्यातले अकरा चौथी फळी बाकावर आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात झालेले होते.

मी पुन्हा मोजले. अकराच. दुसऱ्या फळीनंतरचे तीन, तिसरीनंतरचे पाच.

मला ते सामने आठवायला लागले. मी कठड्यावरून उडी मारून उतरायचे तेव्हा चकती नेहमी समोरच्यांच्या कोपऱ्यात असायची आणि त्यांच्या बचावपटू कमरेवर हात ठेवून धापा टाकत असायच्या. मला वाटायचं, माझं नशीब चांगलं. कधी वाटायचं, त्या मला घाबरतात. पाऊण मिनिट इंग्रिडभोवती फेऱ्या घालून त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असे, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. रांधलेलं ताट समोर येत होतं आणि मी स्वतःला सुगरण समजत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वही बाईंना दिली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. यावेळी मी तिघींच्या उणिवाही लिहिल्या होत्या. मार्लिसला डावीकडे वळायला वेळ लागतो. इंग्रिडचा लांबचा पास दहातून सात वेळा चुकतो. पंच आपल्या गोलासमोर दोन्ही संघांच्या एकेकीमधे चकती टाकून खेळ सुरू करतात तेव्हा लिओना हवीच. तिथं ती दहातल्या सात जिंकते आणि मी पाच. शेवटी लिहिलं होतं: चौथी फळी कमी करू नये. उलट दर वेळी पहिलीच्या आधी तिलाच उतरवावं. खाली सही केली होती.

"कॉरिनला दाखवलंस?" बाईंनी विचारलं.

"दाखवलं. तिचं डोकं फिरलंय. म्हणते, प्लास्टर पायाला घातलंय की डोक्याला?"

बाई हसल्या. मग म्हणाल्या, "डॅरिया, मला खरंच माहीत नव्हतं हं. मी तुला धडा शिकवायला पाठवलं असं वाटत असेल तर तसं नाही. मला नुसतं वाटायचं की या तिघी असल्या की बरं असतं. पण का, ते सांगता येत नव्हतं. तू पडली नसतीस तर मी तुमचं दोघींचं ऐकलं असतं."

त्या तिघींची जागा किती बारीक धाग्यावर लटकलेली होती आणि तो धागा तोडायला मी कशी हसत हसत गेले होते, ते मला त्या क्षणी कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटी प्लास्टर निघालं. त्याच आठवड्यात सरावानंतर मार्लिस कपडे बदलायच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं एका दमात सांगून टाकलं. सप्टेंबरात बाळ येणार होतं. डॉक्टरांनी स्केट घालायला मनाई केली होती. सगळ्या तिच्या गळ्यात पडल्या. इंग्रिडनं तिचे हातमोजे उचलून तिच्या पिशवीत नीट जोडीनं ठेवले.

मी बाईंना कोपऱ्यात गाठलं. "मार्लिसच्या जागी मला घ्या."

"पहिलीतून खाली उतरायला मागतेस?"

"माझा पाय पहिलीतला राहिलेला नाही. वळताना दुखतो. पण उभं राहता येतं."

"त्यांचं काम तुला जमेल असं समजू नकोस," बाई म्हणाल्या. "लिहिणं वेगळं."

ते खरंच होतं. त्यात आणखी एक काम उरलं होतं. त्यांच्या शेजारी बसायच्या आधी मला त्यांना सांगायला हवं होतं. सरावानंतर इंग्रिड आणि लिओना रिंकवरच्या उपाहारगृहाच्या खिडकीशी उभ्या राहून एका कागदी द्रोणातून ग्रेव्ही घातलेले फ्राइज खात होत्या. मी जाऊन सगळं सांगितलं, डिसेंबरातलं बोलणं, वही, अकरा गोल.

"अकराच?" लिओना म्हणाली. "मला वाटलं जास्त असतील."

"अगं, मी तुम्हाला काढायला सांगितलं होतं."

"माहितीय," इंग्रिड म्हणाली. "दार पातळ आहे."

"मग काही बोलली का नाहीस?"

तिनं द्रोणातला एक फ्राय उचलला. "मला वाटलं, तुमचं बरोबर असेल. आमचे दोनच गोल होते." मग तिनं द्रोण माझ्यापुढं केला. "खा. गार होतील."

मला रडू आलं. लिओनानं एक फ्राय माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "होलो, ग्रेव्हीत आधीच मीठ आहे." मग आम्ही तिघी हसलो.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात प्रांताची स्पर्धा. शनिवारी दुपारी उपांत्य सामना, समोर पुन्हा रेडबर्न. माझ्या पहिल्याच खेपेला चकती समोरच्या कोपऱ्यात गेली, मी सवयीनं तिच्यामागं सुसाट सुटले, आणि मी सोडलेल्या जागेतून रेडबर्नच्या दोघी मोकळ्या निघाल्या. फटका गोलाच्या खांबावर लागला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

बाकावर आल्यावर लिओना पाणी पिऊन म्हणाली, "तू चकतीमागं गेलीस."

"जवळ होती."

"मला हाक मारायचीस, मी गेले असते. तू तुझ्या जागेवर नसलीस की मला दोन जागा सांभाळाव्या लागतात, आणि मला पाय दोनच आहेत."

वरच्या पायरीवरून मार्लिसचा आवाज आला, सगळ्या रिंकला ऐकू जाईल असा. "होलो, उभी राहा बाई. नुसती उभी राहा."

मी उभी राहायला शिकले, त्याच दुपारी, तीन भागांत. ते किती अवघड आहे ते मी वहीत लिहिलं नव्हतं. चकती दुसरीकडे असते, सगळे तिकडे बघतात, आणि आपण जिथं काहीच चाललेलं नाही अशा ठिकाणी वाकून तयार राहायचं. नव्वद टक्के वेळा तिथं काही होत नाही. शेवटच्या भागात कॉरिननं गोल केला, आमच्या खेपेनंतर बारा सेकंदांनी. मी बाकावर बसल्याबसल्या मोजलं. आम्ही दोन-एकनं पुढं झालो.

दीड मिनिट उरलं तेव्हा रेडबर्ननं गोलरक्षक काढून तिच्याऐवजी आघाडीची एक जादा खेळाडू उतरवली. चकती आमच्या गोलासमोर टाकली जाणार होती. कॉरिन उठून कठड्यावर पाय टाकायला लागली.

"कॉरिन, बस," बाई म्हणाल्या. "चौथी."

आम्ही तिघी कठडा ओलांडून उतरलो. लिओनानं चकती जिंकली, पण ती निसटून कठड्याच्या कडेनं माझ्याकडे आली. मी मान वर केली आणि मला पलीकडे, बर्फाच्या दुसऱ्या टोकाला, रिकामं जाळं दिसलं. आयुष्यभर मी तेच करत आले होते. काठी मागं गेलीसुद्धा. पण इतक्या लांबून मारलेली चकती जाळं चुकून शेवटच्या रेषेपार गेली असती तर खेळ थांबून पुन्हा आमच्याच गोलासमोर चकती पडली असती, आणि माझा घोटा, माझा नेम तेव्हा भरवशाचा नव्हता.

"कठडा," इंग्रिड मागून म्हणाली. ओरडली नाही, कोठारावर ट्रकवाल्याला सांगावं तसं सांगितलं.

मी चकती कठड्याला दाबली, दोन्ही पाय तिच्यावर आणले आणि वाकले. रेडबर्नची एक येऊन काठीनं खणायला लागली, मग दुसरी. घोट्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. इंग्रिडची पाठ माझ्या पाठीला येऊन टेकली. किती वेळ गेला कोण जाणे; आर्नीच्या कागदावर अठरा सेकंद आहेत. पंचांनी शिटी वाजवली. लिओनानं पुढचीही चकती जिंकली आणि आमच्या बचावपटूंनी ती बाहेर काढली. शेवटच्या दहा सेकंदांत एक जोरदार फटका आला तो इंग्रिडनं नडगीवर घेतला, आणि भोंगा वाजला.

ती बर्फावर बसून राहिली. कॉरिन सगळ्यांच्या आधी तिच्यापाशी पोचली आणि तिला काखेत हात घालून उठवलं. दोघींत काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, पण बसकडे जाताना इंग्रिडची पिशवी कॉरिनच्या खांद्यावर होती.

रविवारी अंतिम सामना आम्ही चार-एकनं हरलो. समोरच्या आमच्यापेक्षा चांगल्या होत्या, त्यात काही वाद नाही. परतीच्या बसमध्ये मार्लिसनं सगळ्यांना थर्मासमधली कॉफी वाटली आणि पुढं बसून झोपलेल्या बाईंच्या अंगावर कुणीतरी कोट घातला.

शरद ऋतूत माझा पाय पूर्ण बरा झाला आणि बाईंनी मला पुन्हा पहिलीत घातलं. संघाला गोल हवे होते. मी सात हिवाळे खेळले. गोल झाला की सगळ्या गोल करणारीला मिठी मारतात, मग ती बाकावर बसलेल्यांच्या हातांवर हात मारत जाते. मी चौथीच्या हातांपासून सुरुवात करायचे. पहिल्या वर्षी इंग्रिडला ते फार अवघडल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या वर्षी तिनं हात आधीच पुढं काढून ठेवायला सुरुवात केली.

मार्लिसला मुलगी झाली आणि एका वर्षानं ती परतही आली, तितकीच हळू आणि तितकीच बोलकी. लिओनानं मला बर्फावर चकती कशी जिंकायची ते शिकवलं. त्यासाठी ती सरावानंतर अर्धा तास थांबायची आणि मग पन्नास किलोमीटर गाडी हाकत घरी जायची. एकदा मी तिला विचारलं की हे सगळं कशासाठी करतेस. "तू दहातल्या सात जिंकायला लागलीस की मला एखादी खेप बसून राहता येईल," ती म्हणाली.

इंग्रिड सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबली. शेवटच्या सरावानंतर मी तिच्याबरोबर कोठारापर्यंत चालत गेले. खूप दिवस मनात जुळवून ठेवलेलं बोलायला लागले, की तिच्यामुळं मला काय काय मिळालं आणि मी ते किती उशिरा ओळखलं. तिनं मधेच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं, वजनकाट्याच्या खोलीचं कुलूप उघडलं, आणि म्हणाली, "मलाही मजा आली गं. तू इतके गोल करायचीस की बाकावर बसून बघायला बरं वाटायचं." मग ट्रक आला आणि ती कामाला लागली.